बेडूकतोंडी वाम

1888 चा हिवाळा. अंदमानच्या समुद्रात ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजाच्या डेकवर तुम्ही उभे आहात. जहाज लाकडी, मुंबईच्या गोदीत बांधलेलं. वाफेच्या जोरावर दोन्ही बाजूंची चाकं पाणी कापताहेत. किनाऱ्यावर सेल्युलर जेल शोधू नका. त्याचं काम सुरू व्हायला अजून आठ वर्षं आहेत.

पोलादी तार मघापासून गुंडाळली जातेय, तरी जाळं दिसत नाही. खाली अर्धा किलोमीटर पाणी आहे. तळाशी दाब इथल्या पन्नासपट, तापमान दहा अंशांच्या आसपास, उजेड जवळपास नाहीच. इथे वर मात्र तुमचा सदरा घामाने पाठीला चिकटलाय. शेवटी जाळं डेकवर आदळतं. खलाशी गाळ उपसायला बसतात. तुम्हीही हात घाला.

बोटांना बुळबुळीत काही लागतं. वाम! पण भाऊच्या धक्क्यावरची लांबलचक, टोकदार तोंडाची वाम डोळ्यांसमोर आणू नका. ही जेमतेम हातभर, आखूड, अंगाने भरलेली. मुस्कट बोथट, डोळे टपोरे. समोरून पाहिलंत तर थेट बेडूक.

जहाजाचे डॉक्टर आणि निसर्गतज्ज्ञ आल्फ्रेड आल्कॉक याच वर्षी रुजू झालेत. 1889 मध्ये ते या जातीचं वर्णन छापतील: कोलोकाँगर रॅनिसेप्स. तुमच्या जिभेवर आणखी एक गोष्ट आलीय, ती गिळून टाका. ईल, म्हणजे वाम माशांची पिल्लं काचेसारखी पारदर्शक आणि पानासारखी चपटी असतात, आईबापांशी काडीचं साम्य नसलेली. अशा पिल्लांना लेप्टोसेफॅलस नावाचे वेगळेच मासे समजून शास्त्रज्ञ कैक वर्षं फसले. युरोपातल्या ईलपुरतं हे कोडं इटलीत ग्रासी आणि कालान्द्रुच्चो सोडवतील, तेही 1896 च्या सुमारास.

आता बरणी पुढे ओढा, स्पिरिट ओता. रंग हळूहळू उडेल, अंग आकसेल. म्हणून चिठ्ठी नीट लिहा: ठिकाण, तारीख, किती फॅदम खोलीवरून आली. ही जात 300 मीटरपासून 1,134 मीटरपर्यंत राहते, असं पुढे पुस्तकांत छापलं जाईल. ते आकडे अशाच चिठ्ठ्या जुळवून काढलेले असतात. बरणीतला मासा कसा दिसतो ते कुणीही पाहून सांगेल. तो राहत कुठे होता, ते फक्त चिठ्ठी सांगते.