रक्तातला विळा

गोंड समाजात सोयरीक ठरवताना आधी देव विचारतात. पाहुणे चार देवांचे, पाच देवांचे, की सहा-सात देवांचे? आकडा सारखा निघाला तर लग्न नाही, कारण एका आकड्याचे लोक एकमेकांचे भाऊबंद. आकडा वेगळा असेल तर बोलणी पुढे सरकतात. त्यातही मामा-आत्याच्या घरी मुलगी देणे जुने आणि मानाचे. एका पिढीत गेलेली लेक पुढच्या पिढीत परत येते, म्हणून त्याला ‘दूध लौटाना’ म्हणतात. कोणाशी लग्न करावे आणि कोणाशी करू नये, याचा हा हिशेब पिढ्यानपिढ्या चोख राहिला. पण मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात त्याच माणसांच्या रक्तात दुसराही एक हिशेब चालू होता. तो डासाच्या चाव्यातून अंगात शिरणाऱ्या हिवतापाच्या परजीवीचा.

या दुसऱ्या हिशेबाची पहिली खूण सापडली ती फार लांब, शिकागोत. डिसेंबर 1904 मध्ये तिथल्या रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गोल, मध्ये दबलेल्या तांबड्या पेशींत काही पेशी लांबट, वाकड्या, थेट विळ्यासारख्या दिसत होत्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये हे प्रसिद्ध केले. विळ्यासारख्या या पेशींवरूनच आजाराला पुढे ‘सिकलसेल’ हे नाव पडले. 1949 मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. काही वर्षांतच व्हर्नन इंग्रॅम यांनी तो नेमका हेरला: लांबलचक साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढाच फरक.

कोडे मात्र वेगळेच होते. आई आणि वडील दोघांकडूनही या दोषाचे जनुक आलेली मुले पूर्वी बहुधा लहानपणीच दगावत. सांध्यांच्या असह्य कळा, कावीळ, वाढलेली पानथरी, सततचा पंडुरोग. इतके जीवघेणे जनुक केव्हाच संपून जायला हवे होते. मग आफ्रिकेत कुठे कुठे पाचातल्या एकाच्या रक्तात ते कसे?

उत्तर शोधले केनियात वाढलेल्या अँथनी ॲलिसनने. 1949 मध्ये तो ऑक्सफर्डचा विद्यार्थी होता आणि एका मोहिमेबरोबर केनियाभर फिरून रक्ताचे नमुने गोळा करत होता. पद्धत साधी होती. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचे, वरची पातळ काच बसवून वाट पाहायची. प्राणवायू संपत जातो तशा वाहकाच्या, म्हणजे हे जनुक एकाच पालकाकडून मिळालेल्या माणसाच्या, पेशी आक्रसतात, टोकदार होतात, विळ्यासारख्या वाकतात. समुद्रकिनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी असे नमुने भरपूर निघाले. मधल्या थंड डोंगराळ मुलखात जवळजवळ नाहीच. ॲलिसनला तिथे डासांचा नकाशा दिसला. 1954 मध्ये त्याने मांडले की एकाच बाजूने हे जनुक मिळालेले मूल हिवतापातून तगते. परजीवी शिरलेली पेशी लवकर वाकते आणि पानथरी ती बाजूला काढते. गंभीर हिवतापापासून वाहकाला मिळणारे हे संरक्षण सुमारे 90 टक्के आहे, हे पुढच्या अभ्यासांतून दिसले.

म्हणजे परजीवी पिढीमागून पिढी मुलांची निवड करत होता. ज्यांच्याकडे जनुक नाही त्यांच्यातल्या कित्येकांना तो मारी, ज्यांच्याकडे दोन आहेत ती आजाराने जात, आणि एक असलेली मोठी होऊन संसाराला लागत. रोगराई उत्क्रांतीला असे वळण देऊ शकते, हा विचार जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी थॅलॅसेमियाच्या संदर्भात ॲलिसनच्या आधीच मांडला होता. 1957 मध्ये हॉल्डेन भारतात आले, भारतीय झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. ज्या ओडिशात त्यांनी अखेरचे दिवस काढले, तो सिकलसेलचाच मुलूख.

भारतात हे रक्त 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत लेहमन आणि कटबुश यांना सापडले. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली आणि नागपूरचा भाग नकाशावर आला. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार ही हिवतापाने पिचलेली नावे पुढे सिकलसेलच्याही यादीत आली. आजार फक्त आदिवासींचा, हा समज चुकीचा. विदर्भातल्या अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही तो आहे. लग्ने जातीतच होत राहिल्याने जनुक त्या त्या समाजात साठत गेले.

परजीवी जोडीदाराच्या निवडीतही हात घालतात, असे जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन आणि मार्लीन झुक यांनी 1982 मध्ये सुचवले. उत्तर अमेरिकेतल्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्या जातींच्या रक्तात परजीवींचा उपद्रव जास्त, त्यांचे रंग अधिक भडक असे त्यांना आढळले. झळाळती पिसे म्हणजे नराच्या निरोगीपणाचा पुरावा, आणि मादी तो पाहून निवड करते, असा त्यांचा तर्क. त्या परजीवींत पक्ष्यांचा हिवतापही होता. याच हॅमिल्टनला काँगोच्या दौऱ्यात मलेरिया झाला आणि परतल्यावर मार्च 2000 मध्ये तो गेला.

माणसाच्या अंगावर असा पिसारा नाही. सिकलसेलचा वाहक शेतात राबतो, नाचतो, लग्नात मिरवतो, आणि त्याला स्वतःलाही काही ठाऊक नसते. देवांच्या आकड्यात हे जनुक दिसत नाही, पत्रिकेतल्या गुणांतही नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. म्हणून आता लग्नाआधी रक्त तपासा, असे आरोग्य खाते सांगते. 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आणि तपासलेल्यांना कार्डे दिली जातात. या कार्डाची भीतीही खरी आहे. वाहक म्हणजे रोगी, असे गावाने ठरवले की बिचाऱ्या मुलीचे स्थळ मोडते. वाहक असणे हा आजार नाही, कलंक तर मुळीच नाही. तिच्या कुठल्या तरी पूर्वजाला हिवतापाच्या साथीतून याच जनुकाने वाचवले असेल, हे तिच्या सासरच्यांना कोणीतरी नीट बसून सांगितले पाहिजे.

गडचिरोलीत हिवताप अजून गेलेला नाही. पावसाळ्यात थंडीताप आला की आशाताई बोट टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घेते आणि परजीवी आहे का पाहते. सिकलसेलच्या चाचणीतही बोटच टोचतात. या वेळी थेंब नळीतल्या द्रावणात पडतो आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर काही नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढची तपासणी होते आणि घरच्या सगळ्यांना बोलावले जाते.