दसा : वस्त्राची कड आणि विनयाची मर्यादा

मागावर विणलेल्या वस्त्राला दोन प्रकारच्या कडा असतात. बाण्याचा धागा ज्या बाजूंना वळून परत येतो, तेथे कड विणतानाच बांधली जाते. तिला आपण काठ म्हणतो. वस्त्र मागावरून उतरविताना ताण्याचे जे धागे टोकांस न विणलेले राहतात, त्यांना संस्कृतात 'दशा' व पालीत 'दसा' अशी संज्ञा आहे. मराठीतील 'दशी' हा त्याच कुळातील शब्द. बीजेच्या चंद्राला दशी वाहण्याच्या लोकरीतीत तो अजून टिकून आहे. विनयपिटकात या लहानशा शब्दाभोवती एक मोठा वाद उभा राहिला. त्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम चीवराकडे पाहू. महावग्गातील चीवरक्खन्धकानुसार मगधातील शेतांच्या बांधांसारखी चीवराची रचना आनंदांनी केली. वस्त्र कापून, तुकडे जोडून व कडेस 'अनुवात' नावाची पट्टी शिवून चीवर सिद्ध होते. अखंड वस्त्राचे मोल त्यामुळे नाहीसे होते व चोराला त्याचा लोभ राहत नाही. याच खंधकात छब्बग्गिय भिक्खूंनी न कापलेल्या दसांची, लांब दसांची, फुलांच्या व नागफणीच्या आकाराच्या दसांची चीवरे वापरल्याचा उल्लेख येतो. हे तर गृहस्थांप्रमाणेच वागतात, अशी लोकांनी निंदा केली आणि तशी चीवरे निषिद्ध ठरली. येथे दसा हे मिरविण्याचे साधन आहे.

निसीदनाच्या, म्हणजे बसावयाच्या वस्त्राच्या बाबतीत मात्र हीच दसा आवश्यक ठरते. पाचित्तियाच्या ८९व्या नियमात त्याचे माप सुगताच्या वितीने लांबी २, रुंदी दीड व दसा १ वीत असे दिले आहे. स्थूल देहाच्या उदायींना पूर्वीचे निसीदन अपुरे पडले, म्हणून दसेची अनुज्ञा मिळाली, अशी नियमाची कथा आहे. विभंगात निसीदनाची व्याख्याच 'सदस', म्हणजे दसायुक्त, अशी आहे. अट्ठकथेत एका टोकास वीतभर भाग दोन ठिकाणी फाडून केलेल्या तीन पट्ट्यांना दसा म्हटले आहे. म्हणजे मागावर उरलेल्या धाग्यांचे नाव येथे हेतुपूर्वक केलेल्या कडेला मिळाले.

महापरिनिब्बानानंतर सुमारे १०० वर्षांनी वैशालीत ज्या १० वत्थूंवर ७०० भिक्खूंच्या संगीतीत निर्णय झाला, त्यांतील नववी 'अदसक निसीदन' ही होती. सोन्या-रुप्याच्या स्वीकाराशेजारी दशांचा प्रश्न पाहून आधुनिक वाचकास हसू येते. परंतु रेवतांच्या प्रश्नाला सब्बकामींनी दिलेल्या उत्तरात जी आपत्ती सांगितली आहे, ती 'छेदनक पाचित्तिय' होय. म्हणजे मापाबाहेरचे वस्त्र कापून टाकून मग दोष प्रकट करावयाचा. यावरून आम्हांस असे दिसते की, वाद धाग्यांचा नव्हता, मापाचा होता. दसा नसलेले वस्त्र व्याख्येनुसार निसीदनच नव्हे, असे म्हटले की त्याला मापही उरत नाही, आणि आसन हवे तेवढे वाढविता येते.

चीवराची दसा कापावी व निसीदनाची राखावी, या दोन आज्ञा वरवर परस्परविरोधी वाटतात. परंतु दोहोंचा हेतू एकच आहे : भिक्खूच्या वस्तूला मर्यादा असावी. काठ नसलेले वस्त्र उसवते. व्याख्येची कड सुटली तर नियमही तसाच उसवतो. वैशालीच्या थेरांनी नेमके हेच ओळखले होते.