सणाची शेगडी : राजुऱ्याच्या विस्तवाचा थोडा इतिहास

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या सणाला एक फजिती झाली. नेहमीच्या भात-रश्श्याबरोबर या खेपेला मिस्सानंतर आवारातच कोंबडी आणि वर्धा नदीचे मासे निखाऱ्यावर भाजावेत, असे युवकांनी ठरविले. जुने पत्र्याचे पिंप उभे कापून त्याची शेगडी केली, वर लोखंडी जाळी बसविली. कोळसा आणण्याचे काम एका उत्साही मुलावर सोपविले आणि त्याने सायकलला बांधून पोतेभर कोळसा आणलाही. तो पेटता पेटेना. पेटला तेव्हा पिवळट काळा धूर निघाला आणि पहिल्या ताटातील कोंबडीला डांबराचा वास येऊ लागला. मुलाचा दोष नव्हता. राजुऱ्यात ‘कोळसा’ या शब्दाचा एकच अर्थ लहानपणापासून कानावर पडतो आणि तो म्हणजे दगडी कोळसा.

यंदाच्या तयारीच्या बैठकीत या प्रसंगाची आठवण निघाली आणि दोन पक्ष पडले. एक म्हणाला, चांगला लोणारी कोळसा मागवा, भाजण्याची खरी चव त्यालाच. दुसरा म्हणाला, धूर नको नि राख नको, गॅसच्या शेगड्या भाड्याने आणा. चर्चा रंगली असताना मागे बसलेल्या एका वृद्ध मावशी हळूच म्हणाल्या, “फादर, कोळसा आना, पन तो कोनाच्या डोक्यावरून येते, तेबी एकदा इचारा.” या मावशींच्या घरी गॅसचा सिलिंडर आहे. तरीही त्या आठवड्यातून दोनदा रानातून मोळी आणतात. त्यांच्या त्या वाक्याने सभा शांत झाली. त्या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. लाकूड हवेचा पुरवठा रोखून तापविले, की त्यातील पाणी, वायू आणि डांबरी अंश निघून जातात आणि बहुतांशी कार्बन मागे उरतो. हाच लोणारी कोळसा. ‘लोण’ म्हणजे मीठ. मीठ काढणे, चुना भाजणे आणि कोळसा पाडणे हे व्यवसाय परंपरेने करणाऱ्या लोणारी समाजाचे नाव त्याला चिकटले. दगडी कोळसा भूगर्भात कोट्यवधी वर्षे दबून तयार झालेला असतो. त्यात गंधक आणि डांबरी अंश असतात. म्हणून त्याच्या उघड्या आचेवर अन्न भाजणे चवीलाही वाईट आणि प्रकृतीलाही. आमच्या कोंबडीने हा धडा एका ताटात शिकविला. लोखंडाने तोच धडा या जिल्ह्याला शतकापूर्वी शिकविला होता.

चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याच्या परिसरात उत्तम लोहखनिज आहे. रानातले भट्टीवाले पिढ्यान् पिढ्या ते लोणारी कोळशावर वितळवीत आणि त्यातून नांगराचे फाळ व कुऱ्हाडी घडत. इंग्रजी अमलात वरोऱ्याला दगडी कोळशाची खाण सुरू झाली, तेव्हा एकाच जिल्ह्यात लोखंड आणि कोळसा असा दुर्मीळ योग जुळला असे वाटले. रिटर फॉन श्वार्त्झ यांचा चांदा जिल्ह्यातील लोहउद्योगाविषयीचा अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि त्यांच्या मनात पोलादाच्या कारखान्याचे बीज पडले. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीला नेऊन तपासून घेतला. तो या कामास योग्य नाही असा निर्वाळा मिळाला. पुढे तो कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला आणि वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली. लोणारी कोळशाचे काम दगडी कोळसा करू शकला नाही म्हणून या जिल्ह्याचे भविष्य बदलले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तरी दगडी कोळशाने राजुऱ्याला सोडले नाही. वर्धेच्या पलीकडे बल्लारपूर आणि अलीकडे सास्ती, गोवरी, पोवनी ही नावे आज खाणींमुळेच सर्वदूर ठाऊक आहेत. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी स्थापन झाली. आंध्रातून, छत्तीसगडातून, केरळातून माणसे कामाला आली. आमच्या धर्मग्रामातील कित्येक घराण्यांचा इतिहास असाच खाणीच्या तोंडाशी सुरू होतो. त्या वसाहतींची संध्याकाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती विसरता येणार नाही. प्रत्येक दारापुढे सिगडी पेटविलेली असे. धूर सरेपर्यंत ती अंगणात ठेवीत आणि निखारा लाल झाला की आत नेत. तासभर साऱ्या गल्लीवर धुराचे पांघरूण पसरलेले असे, आणि त्यात फुंकणी हाती घेऊन डोळे पुसणारी बाईच असे. पुरुष तेव्हा ओसरीवर चहाची वाट पाहत असत.

आता रानाकडे वळू. राजुरा तालुका स्वातंत्र्यापूर्वी निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा तालुका नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. म्हणजे वर्धा ही केवळ नदी नव्हती, दोन राज्यांची सीमा होती. पण रानाच्या बाबतीत दोन्ही काठांवरची कथा सारखीच. जे जंगल लोकांचे सरपण होते, ते सरकारी झाले. ब्रिटिशांच्या १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाची जी व्याख्या आहे, तीत इमारती लाकडाच्या पाठोपाठ लोणारी कोळशाचे नाव येते. तो जंगलातून आणलेला असो वा नसो, कायद्याच्या दृष्टीने वनोपजच. म्हणून त्याची वाहतूक हा आजही परवान्याचा विषय आहे. निजामाच्या बाजूला रानातील बंधने आणि वनरक्षकांचा जाच इतका वाढला, की आदिलाबादच्या गोंडांनी कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली उठाव केला. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात भीम गोळीबारात मारले गेले. जळणाचा आणि चराईचा प्रश्न किती खोल जातो, हे त्यावरून कळावे.

आणि कोळसा पाडणारे? रायगड-ठाण्याच्या कातकऱ्यांची कहाणी आपल्या वाचकांना अपरिचित नसावी. मुंबईच्या शेगड्यांना कोळसा पुरविण्यासाठी ही कुटुंबे पावसाळा संपताच भट्ट्यांवर जात. ठेकेदाराकडून आगाऊ उचल घ्यायची, महिनोन् महिने रानात झोपडी बांधून राहायचे, लाकूड रचून मातीने लिंपायचे, रात्ररात्र जागून भट्टीला भेग पडू द्यायची नाही. हंगामाअखेर हिशेब केला तर उचल तशीच शिल्लक. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीचा फास एका कायद्याने सुटला नाही. मुले बरोबर नेली जात, म्हणून शाळा सुटत असे. मावशींच्या प्रश्नाचा पहिला अर्थ हा.

गॅसचा इतिहास मात्र अगदी अलीकडचा. पन्नाशीच्या दशकात मुंबईत काही सुखवस्तू घरांत सिलिंडर आला. इंडेनची पहिली जोडणी २२ ऑक्टोबर १९६५ रोजी कलकत्त्यात दिली गेली. खेड्यापर्यंत तो पोहोचण्यास अर्धे शतक लागले. महाराष्ट्रात वनालगतच्या गावांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सवलतीत गॅस मिळू लागला आणि १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. यात दोन हेतू होते : बाईचे डोळे व फुप्फुसे वाचावीत आणि रान वाचावे. घरातील धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा अंदाज आहे.

आमच्या जिल्ह्यात तिसरेही कारण होते. रानात सरपणाला जाणाऱ्या माणसाची वाघाशी गाठ पडते. राजुरा तालुक्यात २०१९ व २०२० मध्ये ‘आरटी-१’ या वाघाने आठ जणांचा बळी घेतला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याला पकडण्यात आले. त्या दिवसांत पोटासाठी रानात वा शेतात जाणाऱ्यांच्या घरी संध्याकाळी कशी वाट पाहिली जाई, हे ज्यांनी जवळून पाहिले ते विसरणार नाहीत. मग मावशी अजून मोळी का आणतात? मी विचारले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “सिलिंडर हाय ना फादर, भराले पैसे कुठी हायेत?” २०२२-२३ मध्ये सिलिंडरची किंमत हजार रुपयांच्या वर गेली होती. तेव्हापासून त्यांच्या घरात सिलिंडर पाहुण्यांच्या चहापुरता राहिला तो राहिलाच. जोडणी देणे सोपे असते, चूल बदलणे सोपे नसते.

आता सणाचा हिशेब. भाजण्याच्या दृष्टीने लोणारी कोळशाचे गुण खरे आहेत. त्याचा निखारा ज्वाळेविना जळतो आणि कोरडी, थेट आच देतो. त्यामुळे माशाची कातडी पटकन खरपूस होते. गॅस जळताना मात्र एक किलोमागे सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते, म्हणून त्याची आच किंचित ओलसर. तथापि ज्याला आपण कोळशाची चव म्हणतो, ती बरीचशी चरबी निखाऱ्यावर ठिबकून उठणाऱ्या धुराची असते. कोळशाचा दोषही सांगितला पाहिजे : त्यातून गंधहीन, विषारी कार्बन मोनॉक्साइड निघतो. बंद खोलीत त्याची शेगडी ठेवणे म्हणजे मृत्यूला बोलावणे. उघड्यावर ती चालते. गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, म्हणून गळती निदान कळते.

आमच्या सणाला वीस किलो लोणारी कोळसा लागेल असा अंदाज निघाला. मातीच्या भट्टीत एक किलो कोळशाला साधारण पाच किलो लाकूड लागते. म्हणजे शंभर किलो लाकूड, अर्थात बाईच्या डोक्यावरच्या चार-पाच मोळ्या. तेवढी, किंबहुना थोडी अधिक उष्णता १४.२ किलोच्या एका सिलिंडरात असते. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा कोळशाचा पक्ष जरा नरमला. पण गॅसही निष्पाप नाही. तो भूगर्भातलाच आहे आणि आपल्या देशाला अर्ध्याहून अधिक गॅस परदेशांतून आणावा लागतो.

हा वाद केवळ राजुऱ्याचा नाही. मुंबईची हवा बिघडली म्हणून जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांना व भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले आणि लादीपावाच्या जुन्या भट्ट्यांपुढे प्रश्न उभा राहिला. महानगरातील हजारो भट्ट्यांसाठी तो निर्णय योग्यच. मात्र वर्षातून एकदा उघड्या आवारात पेटणाऱ्या शेगडीला तोच नियम लावण्याचे कारण नाही. प्रमाण पाहून न्याय करावा.

तिसरा मार्ग आमच्या वाडवडिलांनी दाखविलाच आहे. विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, हुरडाही तसाच. राजुरा हा कापसाचा मुलूख. वेचणी संपली की पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतात पडून असतात. त्यासाठी कोणाला रानात जावे लागत नाही.

शेवटी बैठकीने असे ठरविले : भात, रस्सा आणि चहा गॅसवर होईल, त्यासाठी १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर घेतले जातील. मासे व कोंबडी निखाऱ्यावर, पण कोळसा पाच किलोच, तोही वेड्या बाभळीचा, पावती व परवाना पाहून. बाकीची आच गोवऱ्या आणि पऱ्हाट्यांची. कोळशाचे जे पैसे वाचतील, त्यातून धर्मग्रामातील तीन घरांचे सिलिंडर भरून द्यावेत, ही सूचना युवकांकडून आली, याचा मला विशेष आनंद वाटला. त्या तीन घरांत मावशींचे घर आहे.

आम्हा धर्मगुरूंचा कोळशाशी रोजचा संबंध धूपपात्रापुरता. तेथे गॅस चालत नाही. पण योहानच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा पेटतो. एकदा प्रमुख याजकाच्या वाड्यात, जेथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने आपल्या गुरूला नाकारले, आणि एकदा तिबिर्य समुद्राच्या काठी, जेथे थकलेल्या कोळ्यांसाठी मासे भाजले जात होते. त्याच विस्तवापाशी पेत्राला क्षमा मिळाली. इतकी वर्षे मी या प्रसंगावर प्रवचन केले, पण तो कोळसा तेथे कोणी आणला, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. यंदा सणाच्या दिवशी शेगडी पेटवताना तो पडेल.