अडखळणारा शब्द : जिभेपासून कानापर्यंत

१/ न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. व्याख्यान, कीर्तन आणि प्रवचनांच्या या शहरात ओघवती वाणी ही विद्वत्तेची खूण ठरली. अशा ठिकाणी बोलताना जो अडखळतो, त्याला ऐकलेलेही नीट उमगत नसावे, असा ग्रह सहज होतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

२/ सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘मूक’, ‘मिन्मिण’ आणि ‘गद्गद’ हे वाणीचे विकार नोंदलेले आहेत. कफयुक्त वायू शब्दवाहिनी धमन्या अडवतो, हे तेथील कारण. दोष वाहिन्यांचा मानला, बुद्धीचा नव्हे.

३/ १८४१ मध्ये बर्लिनचे शल्यवैद्य योहान डिफेनबाख यांनी दोष जिभेकडे पाहिला आणि तोतरेपणा घालवण्यासाठी जिभेवर शस्त्रक्रिया केल्या. भूल देण्याची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. यातना झाल्या, तोतरेपणा मात्र टळला नाही.

४/ दोष जिभेचा नाही, याचा पुरावा गणेशोत्सवाच्या मांडवातही सापडतो. स्वतःचे नाव सांगताना थबकणारी व्यक्ती सर्वांबरोबर आरती म्हणताना सहसा अडखळत नाही. जीभ तीच असते. बदलते ते कानावर पडणारे.

५/ १९५६ मध्ये लंडनच्या कॉलिन चेरी आणि ब्रूस सेयर्स यांनी हेच प्रयोगाने तपासले. दुसऱ्याचे बोलणे ऐकता ऐकता त्याच्यामागोमाग उच्चारायला सांगताच तोतरेपणा जवळजवळ नाहीसा झाला. असे बोलायचे, तर ऐकलेला शब्द तत्क्षणी ओळखावा लागतो. म्हणजे ग्रहणशक्ती शाबूत होती.

६/ १९९६ मध्ये पीटर फॉक्स आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मेंदूच्या प्रतिमा मांडल्या. तोतरेपणा असलेल्या व्यक्ती एकट्याने वाचत असताना श्रवणाशी निगडित भागांतील क्रिया मंदावलेली, तर उजव्या बाजूच्या हालचालींशी निगडित भागांतील क्रिया वाढलेली दिसली. समूहवाचनात हा फरक बराच ओसरला.

७/ पुढील काही अभ्यासांत ध्वनी हाताळण्याच्या गतीत सूक्ष्म भेद आढळले. तरीही अडखळणे हे आकलनाच्या उणिवेचे लक्षण ठरत नाही. अडचण मुख्यतः स्वतःचा उच्चार आणि श्रवण यांचा मेळ साधण्यात आहे.

८/ तोंडी परीक्षा, मुलाखत आणि वक्तृत्वस्पर्धा यांत आजही ओघाला गुण मिळतात. उत्तर यायला चार क्षण जास्त लागले, तर त्या क्षणांवरून उत्तर देणाऱ्याची समज मोजता येत नाही. वाक्य पुरे होईपर्यंत थांबणे आणि ते आपण पूर्ण न करणे, एवढे ऐकणाऱ्याच्या हाती असते.