यायत्से

यायत्से : बॉस्निया-हर्जेगोव्हिनामधील एक ऐतिहासिक नगर व त्याच नावाचे नगरपालिका क्षेत्र. नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २७,२५८ (२०१३). ते देशाच्या मध्यभागी, बॉस्निया-हर्जेगोव्हिना संघराज्याच्या मध्य बॉस्निया कँटनमध्ये, प्लिवा व व्हर्बास या नद्यांच्या संगमावर वसले आहे. नगराचे नाव ‘याये’ म्हणजे अंडे या शब्दावरून आले असे मानतात. किल्ल्याची टेकडी दुरून पाहिली की ही व्युत्पत्ती पटते.

येथील संगम साधासुधा नाही. ऐन गावात प्लिवा सुमारे २० मी. उंचीवरून थेट व्हर्बासच्या पात्रात कोसळते. गावाच्या वरच्या अंगाला, पाण्यातील चुना साचून बनलेल्या नैसर्गिक बांधांमुळे मोठे व धाकटे अशी दोन प्लिवा सरोवरे तयार झाली आहेत. दोहोंमधल्या बांधावर लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या वीसेक पाणचक्क्या आहेत. एकेक खोपटे जेमतेम एका जात्यापुरते. खालून धावणारे पाणी आडव्या चाकाच्या पळ्यांवर आदळे आणि वर दळण पडे. आता तेथे दळणाऱ्यांपेक्षा छायाचित्रे काढणारेच अधिक. याच पाण्याच्या जोरावर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमदानीत येथे वीज व रसायन उद्योग उभा राहिला.

चौथ्या शतकातील मिथ्र देवतेचे भूमिगत मंदिर १९३१ मध्ये येथे सापडले. किल्ला मात्र मध्ययुगीन असून तो सरदार ह्र्वोये वूकचिच याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधला. १४६१ मध्ये स्त्येपान तोमाशेविच याला येथील सेंट मेरी चर्चमध्ये पोपने पाठविलेला मुकुट घालण्यात आला. तो बॉस्नियाचा अखेरचा राजा ठरला. दोनच वर्षांनी ऑटोमन सुलतान दुसरा मेहमेद चालून आला, तेव्हा राजा क्ल्यूच येथे वजिराकडून जीवदानाचे लेखी वचन घेऊन शरण गेला. सुलतानाने ते मानले नाही आणि यायत्सेजवळ राजाचा वध केला. पुरातत्त्वज्ञ चिरो त्रुहेल्का यांनी १८८८ मध्ये उकरून काढलेला एक सांगाडा या राजाचा मानला जातो. तो येथील फ्रान्सिस्कन मठात आहे. राजाच्या वधाच्याच वर्षी, १४६३ च्या अखेरीस, हंगेरीचा राजा मॅथायस कॉर्व्हिनस याने नगर जिंकले, त्यामुळे बाकीचा बराच बॉस्निया ऑटोमन झाला तरी यायत्से सहा दशकांहून अधिक काळ हंगेरीकडे टिकून राहिले. १५२८ च्या सुमारास ते पडले आणि राज्याभिषेकाच्या चर्चची मशीद झाली. आज तिच्या छत नसलेल्या भिंती आणि शेजारचा सेंट लूकचा घंटामनोरा तेवढा उभा आहे.

२९ नोव्हेंबर १९४३ रोजी युगोस्लाव्हियाच्या फॅसिस्टविरोधी मुक्ती परिषदेचे (आव्नोय) दुसरे अधिवेशन येथील व्यायामशाळेच्या इमारतीत भरले आणि युगोस्लाव्हिया हे संघराज्य असेल असे ठरले. मुक्तिलढ्याचे नेते टिटो यांना मार्शल हा किताबही येथेच मिळाला. पुढे ही तारीख राष्ट्रीय सण झाली, राष्ट्रचिन्हावरही कोरली गेली. ज्या राज्याचा असा पाया येथे घातला गेला, त्याच्या विघटनाचे घावही गावाने सोसले. ऑक्टोबर १९९२ मध्ये बॉस्नियन सर्ब सैन्याने यायत्से घेतले, तेव्हा बॉस्नियाक व क्रोएट रहिवाशांचे हजारोंचे तांडे त्राव्हनिककडे निघाले. सप्टेंबर १९९५ मध्ये क्रोएट सैन्य परतले आणि पळण्याची पाळी सर्बांवर आली.

१९९१ मध्ये नगरपालिकेची लोकसंख्या ४५,००७ होती व त्यांत सुमारे एकपंचमांश सर्ब होते. येझेरो हा जुन्या नगरपालिकेचा तुकडा युद्ध संपविणाऱ्या डेटन करारानंतर देशाच्याच सर्ब प्रजासत्ताक या घटकात गेल्याने दोन जनगणनांची सरळ तुलना करणे चुकीचे ठरेल. तरीही घट मोठी आहे. आज बॉस्नियाक व क्रोएट जवळजवळ समसमान असून सर्ब अगदी थोडे उरले आहेत. कँटन सरकारने बॉस्नियाक विद्यार्थ्यांसाठी वेगळी माध्यमिक शाळा काढायचे ठरविले, तेव्हा दोन्ही समाजांची मुले मिळून रस्त्यावर उतरली. २०१७ मध्ये तो बेत गुंडाळला गेला आणि २०१८ मध्ये या विद्यार्थ्यांना मॅक्स व्हान डेर स्टूल पुरस्कार मिळाला.