दोन निळ्या पेट्या

२०११ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो. तिकडच्या तिकडे एका शहरातून दुसऱ्या शहरात निघालो असताना विमानतळावर बूट-पट्टा काढून रांगेत उभे राहिलो. पुढे माणसाहून उंच अशा दोन निळ्या पेट्या समोरासमोर ठेवल्या होत्या. त्यांच्या मध्ये हात वर करून काही सेकंद थांबायचे, की तपासणी झाली. मी विचारले तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने पाठ असल्यासारखे सांगितले, की दोन मिनिटांच्या विमानप्रवासात जेवढे क्ष-किरण अंगावर पडतात, तेवढेच इथे पडतात. लेकीला तेव्हा पाचवा महिना होता. तिने पेट्यांमधून जायला नकार दिला, मीही दिला. मग हातमोजे घातलेल्या माणसांनी आम्हाला चाचपून सोडले.

विमानात बसल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, गेल्या खेपेला मी त्यातून गेले होते. तेव्हा मला दिवस गेल्याचं ठाऊक नव्हतं."

सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी ३४ वर्षे क्ष-किरण तंत्रज्ञ होतो. त्यामुळे उत्तर माझ्याकडे तयार होते. म्हटले, "त्या एका तपासणीत साधारण ०.१ मायक्रोसिव्हर्ट. या विमानात तासाला ३ तरी. म्हणजे तिथं मिळालं त्याच्या तीसपट तासाभरात इथं मिळेल. काळजी करू नकोस."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग तुम्ही का नाही गेलात?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा नीट देता आले नाही. पुढे काही वर्षे या यंत्राचा इतिहास मी शोधून वाचला, तो त्यासाठीच.

यंत्राचे नाव सिक्युअर १०००. स्टीव्हन स्मिथ नावाच्या संशोधकाने १९९० च्या दशकाच्या आरंभी ते कॅलिफोर्नियात तयार केले. पुढे ते रॅपिस्कॅन या कंपनीकडे गेले. आमच्या खोलीतले क्ष-किरण शरीरातून आरपार जातात आणि मागच्या फिल्मवर हाडांची सावली उमटते. स्मिथच्या यंत्रात किरणांची एक बारीक शलाका अंगावरून ओळीओळीने फिरते आणि त्वचेवरून उलट फिरणारे किरण टिपले जातात. मांस किरण परत पाठवते, लोखंड ते गिळते. म्हणून उजळ अंगावर पिस्तूल काळे दिसते. प्रथम ही यंत्रे तुरुंगांत आणि सीमाशुल्क खात्यात वापरली गेली.

१९९८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे हे यंत्र आले. मात्रा अगदी थोडी आहे, याबद्दल समितीत वाद नव्हता. तरीही अनेक सदस्य अस्वस्थ झाले, कारण वैद्यकीय कारणाशिवाय माणसांवर क्ष-किरण टाकू नयेत, हा त्या क्षेत्रातला जुना दंडक इथे मोडत होता. येत्या पाच वर्षांत तरी हे यंत्र विमानतळांवर दिसणार नाही, असे स्मिथने समितीला सांगितले. समितीला सक्तीचा सरकारी नियम हवा होता. प्रशासनाने मात्र स्वेच्छेने पाळायच्या मानकावर काम भागवले. ते मानक २००२ साली आले. यंत्र वैद्यकीय उपकरण ठरत नसल्यामुळे, औषधाला किंवा रुग्णालयातल्या यंत्राला लागते तशी पूर्वपरवानगी त्याला लागली नाही.

समितीची अस्वस्थता कुठून आली, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९२० च्या दशकापासून अमेरिका आणि युरोपातल्या चपला-बुटांच्या दुकानांत एक लाकडी पेटी असे. मुलाने नवा बूट घालून तिच्यात पाय सरकवायचा आणि वरच्या झरोक्यातून आपल्याच बोटांची हाडे हिरव्या उजेडात हलताना पाहायची. एकट्या अमेरिकेत अशी सुमारे १०,००० यंत्रे होती. बूट मापात बसला की नाही, हे अंगठ्याने दाबूनही कळत होते. तरीही तीसेक वर्षे कोणाला त्यात वावगे वाटले नाही. १९५७ साली पेनसिल्व्हेनियाने त्यांवर बंदी घातली, मग इतर राज्ये जागी झाली. रोज ग्राहकांसोबत त्या पेटीशी उभ्या राहणाऱ्या विक्रेत्याच्या अंगावर एकूण किती किरण पडले, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

विमानतळांकडे या यंत्रांची मोठी लाट आली ती एका नाताळामुळे. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲम्स्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात उमर फारूक अब्दुलमुतल्लब या तरुणाने अंतर्वस्त्रात लपवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला. स्फोट फसला, पण धातुशोधक दारातून प्लास्टिकची स्फोटके बिनबोभाट निघून जातात, हे साऱ्या जगाने पाहिले. त्यानंतर यंत्रे झपाट्याने बसू लागली. या यंत्राने तो तरुण पकडला गेला असता का, हे स्पष्ट नाही, असे अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या उत्तरदायित्व कार्यालयाने मार्च २०१० मध्ये सांगितले. पण लोकांच्या मनातली भीती ताजी होती.

एप्रिल २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले जॉन सेडाट आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी राष्ट्राध्यक्षांचे विज्ञान सल्लागार जॉन होल्ड्रन यांना पत्र लिहिले. मात्रा सगळ्या शरीरावर वाटून सरासरी काढली जाते, पण या किरणांची बरीचशी ऊर्जा त्वचेत आणि तिच्या लगतच मुरते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. गर्भवती, मुले, म्हातारे यांचे काय? फिरती शलाका बिघाड होऊन एकाच जागी थांबली तर? सरकारने उत्तर दिले, की मात्रा मानकाच्या आत आहे.

कोलंबिया विद्यापीठाचे डेव्हिड ब्रेनर यांनी २०११ साली हिशेब वेगळ्या बाजूने मांडला. एका प्रवाशाला धोका जवळजवळ नाहीच. पण वर्षाला १०० कोटी तपासण्या होऊ लागल्या तर तो इवलासा धोका इतक्यांदा गुणला जाईल, की सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने त्याचा विचार करावा लागेल. त्याच वर्षी दुसऱ्या दोन संशोधकांनी १० कोटी प्रवाशांमागे आयुष्यभरात जास्तीचे ६ कर्करोग, असा अंदाज काढला. याच लोकांना इतर कारणांनी होणारे कर्करोग ४ कोटी. सहा हा आकडा त्यांत बुडून जातो. पण ते सहा कोण, हे कधीच कळणार नाही.

याच सुमारास मला अस्वस्थ करणारी एक गोष्ट घडली. मार्च २०११ मध्ये असे उघड झाले, की यंत्रांच्या तपासणीच्या काही अहवालांत मात्रा दसपट लिहिली गेली होती. दहा तपासण्यांची बेरीज करून दहाने भागायचेच राहिले होते. म्हणजे प्रत्यक्षात धोका नव्हता. पण ते अहवाल कुणीतरी सही करून फायलीत ठेवले होते आणि एवढा मोठा आकडा पाहूनही कुणी दचकले नव्हते.

नोव्हेंबर २०११ मध्ये युरोपीय संघाने आरोग्याचे कारण देऊन विमानतळांवर क्ष-किरणांची शरीर-तपासणी नाकारली. अमेरिकेतही २०१३ च्या मध्यापर्यंत अशी सुमारे २५० यंत्रे हटवली गेली. मात्र किरणांमुळे नाही. प्रवाशांची नग्नवत चित्रे दिसू नयेत म्हणून संसदेने बाहुलीसारखी ढोबळ आकृती दाखवणारी प्रणाली सक्तीची केली आणि ती कंपनीला मुदतीत बसवता आली नाही. किरणांचा प्रश्न असा निकालाविनाच दप्तरी दाखल झाला.

यंत्रे गेल्यावर खरी तपासणी झाली. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१३ साली दर तपासणीला सुमारे ११ नॅनोसिव्हर्ट मात्रा मोजली, म्हणजे मी लेकीला सांगितली त्याहूनही बरीच कमी. २०१४ मध्ये तीन विद्यापीठांच्या संशोधकांनी ई-बेवरून जुने सिक्युअर १००० विकत घेऊन उलगडून पाहिले. किरणांबाबतची सुरक्षा भक्कम निघाली. नुसत्या संगणकप्रणालीत ढवळाढवळ करून कुणाला जास्त मात्रा देता येत नव्हती. पण मांडीच्या कडेला लावलेले पिस्तूल त्या यंत्राला दिसले नाही, कारण काळ्या पार्श्वभूमीवर काळेच दिसते. जिथे भीती होती तिथे यंत्र पक्के निघाले आणि जिथे भरवसा होता तिथे कच्चे.

आमच्या विद्येत पहिला नियम मात्रेचा नाही, समर्थनाचा आहे. कितीही थोडे किरण असोत, त्यांतून होणारा लाभ हानीहून जास्त आहे हे आधी दाखवायचे, मग मात्रा कमीत कमी ठेवायची, मर्यादेचा प्रश्न शेवटी. इथे क्रम उलटा झाला. मर्यादा आधी दाखवली गेली आणि लाभाची उघड परीक्षा यंत्रे हटल्यानंतर झाली.

नोकरीत असताना माझ्या छातीवर टीएलडी बिल्ला असे. आत तीन चकत्या. दर तीन महिन्यांनी तो मोजणीला जाई आणि माझ्या नावापुढे आकडा येई. पोटाचा फोटो काढण्याआधी प्रत्येक बाईला मी विचारत असे, "पाळी चुकली नाही ना?" काही जणी लाजत, काही रागावत. तरी विचारायचे, कारण तो प्रश्न हाच त्या किरणांचा परवाना होता. त्या निळ्या पेट्यांजवळ लेकीला असे कुणी विचारले नव्हते. तिच्या नावापुढे कुठे आकडाही नाही.

आता आपल्याकडच्या विमानतळांवरही शरीर-तपासणीची यंत्रे येत आहेत. ती मिलिमीटर लहरींची आहेत. या लहरींत रेणूतले बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते, त्यामुळे तो धोका नाही. त्यांतून मी निर्धास्त जातो. पण आधी यंत्र कुठल्या लहरींचे आहे, ते विचारतो. रांगेतले लोक वैतागतात. ते साहजिक आहे.

लेकीला मी अलीकडेच हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हाला भीती वाटली नव्हती."

नाही. मला विचारले नव्हते, एवढेच.