चहाची परीक्षा
चहा कसा करावा हे सहा पानांत सांगणाऱ्या मानकाबद्दल ब्रिटिश मानक संस्थेला १९९९ साली साहित्याचे ‘इग्नोबेल’ हे थट्टेचे पारितोषिक मिळाले. थट्टेत एक गोष्ट बाजूला राहिली. १९८० साली आयएसओ ३१०३ म्हणूनही निघालेल्या या मानकाचा हेतू चवदार चहा करणे हा नव्हताच. चिनी मातीचे भांडे, १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती, वर झाकण, ६ मिनिटे. पत्ती आसामची असो, श्रीलंकेची असो की केनियाची, कृती तीच. मग चवीत उरतो तो फरक पत्तीचाच. हिरव्या चहावर हा जुलूमच, तो कडवट होतो. पण दोष लपायला जागा राहत नाही. परीक्षक घोट सुर्रकन आवाज करीत ओढतो (वर्गात शोभणार नाही!), म्हणजे वास घशामागून नाकात पोचतो, आणि मग चहा थुंकून पुढच्या पेल्याकडे वळतो.